सामायिक व स्थानिक इतिहासाबाबत

घरी जायच्या घाईत यंत्रवाल्यांनी विंडो चुकीच्या क्रमाने बंद केल्या, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

यंत्रवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सार्वजनिक ग्रंथालयाच्या नोंदीत त्यांचं पद 'संगणक सहायक, श्रेणी दोन' असं होतं. श्रेणी एकची जागा कधी भरलीच गेली नव्हती, त्यामुळे ते नेमके कोणाला साहाय्य करतात हा प्रश्न उघडाच होता. पण ग्रंथालयात जे जे विजेवर चालतं ते त्यांचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. प्रिंटर अडला, यंत्रवाल्यांना बोलवा. पाणी गार होत नाही, यंत्रवाल्यांना बोलवा. एकदा तर मुख्य ग्रंथपाल साहेबांचं घड्याळ मागे पडत होतं, तेही त्यांच्याच टेबलावर आलं होतं.

आता या विंडो काय होत्या, ते सांगायला हवं. यंत्रवाले काम करायचे ते काळ्या पडद्यावर; असा एक पडदा म्हणजे एक विंडो. पांढऱ्या अक्षरांत एक कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं, की यंत्र मुकाट्याने काम करतं. माउसने चित्रांवर टिचक्या मारणाऱ्यांकडे ते जरा वरूनच पाहत. या काळ्या पडद्याची मोठी सोय म्हणजे, टाइप केलेली प्रत्येक कमांड तो लक्षात ठेवतो. त्याला हिस्टरी म्हणतात. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला की मागची कमांड समोर हजर. पुन्हा दाबला की तिच्याही मागची. यंत्रवाल्यांची नोकरी त्या बाणावर चालली होती असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी होणार नाही.

गोम अशी, की एका वेळी चार-पाच विंडो उघड्या असल्या तर प्रत्येक विंडो आपली आठवण वेगळी ठेवते आणि बंद होताना ती एका सामायिक फाइलीत लिहून जाते. लिहून जाते म्हणजे, आधीच्या विंडोने लिहिलेलं पुसून आपलं लिहिते. शेवटी ज्याने दार ओढलं त्याचंच खरं. त्या संध्याकाळी एका विंडोत यंत्रवाल्यांनी जवळजवळ आठवडाभर घाम गाळून जमवलेली एक कमांड होती. कुठलं पुस्तक चुकीच्या कपाटात जाऊन बसलंय, ते शोधून सांगणारी. तीन ओळी लांब, एवढे उभे-आडवे दांडे आणि अवतरणचिन्हं की एखाद्याला वाटावं कीबोर्डवर मांजर चालून गेलं. आणि दुसऱ्या एका विंडोत त्यांनी यंत्राला फक्त आजची तारीख विचारली होती. ती विंडो शेवटी बंद झाली.

सकाळी त्यांनी वरचा बाण दाबला. तारीख विचारलेली आली. पुन्हा दाबला. गेल्या महिन्यातलं काहीतरी आलं. आठवडाभराच्या घामापैकी यंत्राच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच, की या गृहस्थाला आज कोणती तारीख आहे ते माहीत नव्हतं.

घरी त्यांनी हा प्रसंग सांगितला. बायको शाळेत गणित शिकवायची. पायऱ्या लिहिल्या नाहीत तर उत्तर बरोबर असूनही गुण कापणारी म्हणून तिची ख्याती होती.

"मग लिहून का नाही ठेवलीस?" ती म्हणाली.

"लिहून ठेवायची गरज पडू नये म्हणून तर हिस्टरी असते."

"पण पडली ना?"

मुक्कामाला आलेल्या सासूबाई सोफ्याच्या टोकाला बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा टाइप करायला किती वेळ लागेल हो? तुम्ही आत्ता सांगण्यात घालवलात त्यापेक्षा कमीच लागला असता."

सहानुभूतीसाठी माणसाने घराबाहेर जावं तर जिन्यात वरच्या मजल्यावरचे वकील भेटले. वकिलांना कुठलीही तक्रार ऐकली की आधी तक्रारदारालाच उलटतपासणीला घ्यायची सवय होती. "मुळात तुम्ही इतक्या खिडक्या एकदम उघडता कशाला?" त्यांनी विचारलं. यंत्रवाल्यांनी कारण सांगितलं. "म्हणजे जाणूनबुजून उघडता," वकील समाधानाने म्हणाले आणि वर निघून गेले.

तेव्हा यंत्रवाल्यांनी मनाशी ठरवलं, की हे यंत्र सुधारायचंच. एक लहानशी सुधारणा. यंत्राच्या नियमांच्या फाइलीत चार ओळी जास्त लिहायच्या, बस.

त्या चार ओळींनी असं झालं, की कुठल्याही विंडोत कमांड दिली रे दिली, की ती त्याच क्षणी सामायिक फाइलीत जाऊन बसायची आणि बाकीच्या सगळ्या विंडोंना कळायची. काही हरवायचा प्रश्नच नाही. यंत्रवाले एक अख्खी सकाळ सुखात होते. दुपारी त्यांनी वरचा बाण दाबला, आणि जी कमांड आली ती त्यांनी उभ्या आयुष्यात कधी दिली नव्हती.

ती सूचीबाईंची होती. सूचीबाई पुस्तकांची सूची करायच्या, आणि यंत्रवाल्यांच्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर त्यांचं यंत्र होतं. दोघांची यंत्रं वेगळी, पण दोघंही आत शिरायचे ते एकाच खात्यातून. दुसरं खातं मिळावं अशी मागणी मुख्यालयाकडे गेली होती. तिकडून 'पहिले खाते पूर्ण क्षमतेने वापरले जाते काय' अशी विचारणा आली. तिला काय उत्तर द्यायचं ते कोणालाच सुचलं नाही, आणि प्रकरण तिथेच थांबलं होतं. सामायिक म्हणजे आपल्याच चार विंडोंत सामायिक, असं यंत्रवाल्यांनी धरलं होतं. यंत्राने ते सूचीबाईंसकट धरलं.

सूचीबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी तक्रार केली नाही, आणि यंत्रवाल्यांना तेच जास्त लागलं.

"यंत्रवाले," त्या मान न वळवता म्हणाल्या, "तुम्ही सकाळपासून तो एक शब्द चार वेळा चुकीचा लिहिलात. पाचव्यांदा मी बरोबर लिहून दिलाय. बाण दाबा, सापडेल."

त्यांनी दाबला. सापडला. यंत्रवाल्यांनी आभार मानले, पण कान गरम झाले होते.

यानंतर आपण काय टाइप करतो आहोत ते दुसऱ्याला दिसतंय, या भावनेने त्यांच्या हातून आणखी चुका होऊ लागल्या. साधी प्रिंटरची रांग पाहायची तरी ते परीक्षेला बसल्यासारखे टाइप करायचे. आणि अशातच सोफ्याचं प्रकरण झालं.

झालं होतं असं, की सासूबाईंच्या मते सोफा भिंतीकडून हलवून खिडकीसमोर ठेवायला हवा होता. बायकोच्या मते तो होता तिथेच ठीक होता. यंत्रवाल्यांनी सकाळी दोघींनाही 'हो' म्हटलं होतं, आणि डबा न घेताच ऑफिसला आले होते. दुपारी त्यांनी बायकोला निरोप लिहायला घेतला. निरोपाची चौकट पडद्याच्या डाव्या बाजूला होती, काळी विंडो उजव्या. माणूस मनातून बोलत असला की डावं-उजवं पाहत नाही. त्यांनी भरभर लिहिलं: तुझंच खरं. सोफा जिथे आहे तिथेच राहू दे. आईंना मी सांगतो, पण तेव्हा तू समोर असू नकोस. आणि एंटर दाबलं.

यंत्राने उत्तर दिलं, की 'तुझंच' नावाची कमांड सापडली नाही.

यंत्रवाल्यांनी जीभ चावली, तोच मजकूर योग्य चौकटीत पुन्हा लिहिला आणि झालं गेलं विसरून गेले. यंत्र विसरलं नाही. विसरू नये म्हणून तर त्यांनीच त्याला चार ओळी शिकवल्या होत्या. थोड्या वेळाने पलीकडच्या टेबलावर बाण दाबल्याचा आवाज आला.

सूचीबाई हळूच म्हणाल्या, "राहिला का मग सोफा जिथल्या तिथे?"

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, असं त्या शपथेवर म्हणतात. पण संध्याकाळपर्यंत काउंटरवरची मंडळीही यंत्रवाल्यांच्या बसण्या-उठण्याची चौकशी करू लागली होती. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. साहेब शिस्तीचे. कागद टेबलाच्या कडेला समांतर नसला तर आधी तो सरळ करून मग बोलायचे.

"तुमच्या घरातल्या सामानाशी मला काही देणंघेणं नाही," ते कागद सरळ करत म्हणाले, "पण यंत्रात परस्पर बदल चालणार नाहीत. काय सुधारणा हवी ती मुख्यालयाला लिहा. मंजुरी आली की करा. आणि अर्ज शुद्ध कार्यालयीन भाषेत हवा. मागच्या वेळी तुम्ही 'सर्व्हर हँग झाला' असं लिहिलं होतं. कोण लटकलं म्हणून तिकडून विचारणा आली होती."

आपल्याला काय हवंय ते यंत्रवाल्यांना एव्हाना नीट कळलं होतं. वरचा बाण दाबला तर ज्या विंडोत आपण बसलोय तिच्याच कमांड दिसाव्यात, दुसऱ्या कोणाच्या नाहीत. पण काही जुनं शोधायचं असेल तर शोधाची कळ दाबून सगळ्यांच्या सगळ्या कमांडींतून शोधता यावं. बाण ज्याचा त्याचा, शोध सर्वांचा. इतकं साधं. ते शुद्ध भाषेत उतरवायला त्यांना पूर्ण दुपार लागली. विषय: सामायिक व स्थानिक इतिहासाबाबत. महोदय, सद्यस्थितीत सर्व इतिहास सामायिक असल्याने एकाचा इतिहास दुसऱ्याच्या माथी येत आहे. तरी स्थानिक इतिहास स्वतंत्रपणे जतन करण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती.

मुख्यालयातून इतक्या लवकर उत्तर आल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. अर्ज यंत्रविभागात न जाता संस्कृती विभागात गेला होता आणि तिथे तो सर्वांना अतिशय आवडला होता. ग्रंथालयाने एक स्थानिक इतिहास समिती ताबडतोब स्थापन करावी, अर्जदार हेच तिचे सचिव राहतील आणि अध्यक्ष म्हणून गावातल्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षकांना विनंती करण्यात येत आहे.

इतिहासाचे सर दुसऱ्याच दिवशी खांद्याला पिशवी अडकवून हजर झाले. यंत्रवाल्यांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"एकाचा इतिहास दुसऱ्याच्या माथी येत आहे," ते म्हणाले. "काय वाक्य लिहिलंत. मी जन्मभर वर्गात हेच सांगत आलो."

"सर, तो यंत्राचा इतिहास आहे," यंत्रवाले म्हणाले.

"यंत्रांचाही घेऊ की. नदीकाठची जुनी पाणचक्की आहे, तिच्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही."

"तसं नाही सर. मला फक्त वरचा बाण माझ्यापुरता करून हवाय."

सरांनी हात सोडला. मग त्यांच्या डोळ्यांत ओळख पटल्याचं तेज आलं. "टेकडीवर सापडलेल्या जुन्या बाणांबद्दल म्हणताय तुम्ही. त्यांची टोकं कपाटात पडून आहेत, कोणी विचारत नाही. तुम्हाला कशी माहिती?"

यंत्रवाल्यांनी साहेबांकडे दाद मागितली. साहेबांना समितीत उपाध्यक्षपद मिळालं होतं. "इतिहासाला मंजुरी मागितलीत, इतिहासाला मंजुरी मिळाली," ते म्हणाले. "आता मागे कसं हटता?"

त्यानंतरच्या आठवड्यांत यंत्रवाल्यांनी पाणचक्कीची मापं घेतली, बाणांच्या टोकांना क्रमांक दिले, समितीच्या बैठकांची टिपणं लिहिली. आणि खोलीत परत येऊन बाण दाबला की सूचीबाईंच्या कमांड तशाच समोर यायच्या. माणसाच्या सहनशक्तीलाही काही माप असेल. एके दिवशी बैठक लवकर संपली. सर नदीकडे गेले, साहेब त्यांच्याबरोबर गेले, सूचीबाई खाली पुस्तकं मोजत होत्या. यंत्रवाल्यांनी दार लोटून घेतलं आणि मंजुरीबिंजुरीची वाट न पाहता स्वतःच सुधारणा करून टाकली.

नवी विंडो उघडून त्यांनी तपासून पाहिलं. बाण दाबला: फक्त त्या विंडोतलं. शोधाची कळ दाबली: सगळ्यांचं. पुन्हा पाहिलं. पुन्हा तसंच. त्यांना इतकं बरं वाटलं की ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांकडे मायेने पाहत राहिले.

एक बारीकशी गोष्ट मात्र त्यांच्या लक्षातून निसटली. नवे नियम लागू होतात ते नव्याने उघडलेल्या विंडोला. सकाळपासून ज्या उघड्या आहेत त्या जुन्याच नियमांनी चालत राहतात. यंत्रवाले परत खुर्चीत येऊन बसले ते सवयीच्या, सकाळच्या विंडोसमोर.

इकडे सूचीबाईंनी सकाळी एक काम केलं होतं. मुदत उलटूनही पुस्तक न देणाऱ्या सात-आठ सदस्यांना त्यांनी फोनवर संदेश पाठवला होता. संदेशाचा मजकूर साहेबांचा होता: आपणाकडे ग्रंथालयाचे पुस्तक असून त्याची मुदत केव्हाच संपली आहे. ते तात्काळ परत करावे, अन्यथा आपल्या सदस्यत्वाचा पुनर्विचार करावा लागेल. ज्या फाइलीतले क्रमांक वाचून यंत्र संदेश पाठवतं, त्या फाइलीत काम झाल्यावर बाईंनी ग्रंथालयाच्या झाडून सगळ्या सदस्यांचे क्रमांक आणून ठेवले होते. एखादा आकडा कमी-जास्त आहे का, ते त्यांना सावकाश तपासायचं होतं. त्यात धोका काहीच नव्हता. ती कमांड पुन्हा कोण देतंय?

यंत्रवाल्यांना फक्त प्रिंटरची रांग पाहायची होती. बाण आणि एंटर ही दोन बोटं एवढ्या वर्षांच्या सवयीने एकत्रच पडायची. मधे डोळ्यांना विचारायची पद्धत नव्हती. पडद्यावर भराभर ओळी धावू लागल्या. पाठवला. पाठवला. पाठवला. प्रिंटर आज फारच उत्साहात आहे, असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिलं. आपणाकडे ग्रंथालयाचे पुस्तक असून त्याची मुदत केव्हाच संपली आहे.

त्यांनी थांबवायची कळ दाबली. यंत्राला आधी ते खरं वाटलं नाही. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. सदस्यांची यादी अक्षरवार होती. यंत्र थांबलं तेव्हा ते 'प' पर्यंत पोचलं होतं.

संध्याकाळच्या आत काउंटरवर रांग लागली. साहेब नदीवरून परतले तेव्हा चिखलाच्या बुटांनिशी त्यांना स्वतःच्या ग्रंथालयात शिरायला वाट मिळेना. त्यांनी थेट यंत्राची खोली गाठली आणि हिस्टरी दाखवायला सांगितली. एकच कमांड दोनदा दिलेली दिसत होती, एकदा सकाळी, एकदा दुपारी. खातं एकच.

"ही कमांड कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," सूचीबाई म्हणाल्या.

"दोन्ही वेळा?"

सूचीबाई समोरच्या भिंतीकडे पाहू लागल्या. त्यांनी यंत्रवाल्यांकडे पाहिलंही नाही. यंत्रवाल्यांच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो काही फार थोर नव्हता. या सामायिक इतिहासाने इतके दिवस छळलं. आज पहिल्यांदा तो उपयोगी पडत होता. गप्प बसलं असतं तर कोणालाच कधी काही कळलं नसतं. पण बाई भिंतीकडे ज्या तऱ्हेने पाहत होत्या, ते त्यांना बघवेना.

"कमांड बाईंची," ते म्हणाले, "बोट माझं."

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. तो आधीच सरळ होता. "उद्यापासून काउंटरवर तुम्ही बसा," ते म्हणाले. "लोकांना आता तुम्हीच तोंड द्या."

काउंटरवर बसल्यावर यंत्रवाल्यांना कळलं, की ग्रंथालयाला सदस्य असतात. आतापर्यंत ते फक्त यादीतल्या ओळी होते. पहिले गृहस्थ म्हणाले, मी आयुष्यात पुस्तक हातात घेतलेलं नाही, सदस्यत्व बायकोने काढलं, आणि आता शेजारी माझ्याकडे संशयाने पाहतात. माझ्याकडे पुस्तक नाही असं लेखी द्या. यंत्रवाल्यांनी पीडा टळावी म्हणून दोन ओळी लिहून शिक्का मारून दिल्या. ती त्यांची दुसरी चूक. ते गृहस्थ कागद नाचवत रांगेच्या कडेने बाहेर गेले, आणि रांगेतल्या प्रत्येकाला तसाच कागद हवा झाला. ज्यांच्याकडे पुस्तकं होती तेसुद्धा मागू लागले. एका डॉक्टरांनी भलत्याच ग्रंथालयाचं पुस्तक आणून दिलं आणि ते परत न्यायला साफ नकार दिला. "घ्या हो, कोणाचं का असेना. रात्री झोप लागली पाहिजे," ते म्हणाले. केशकर्तनालयाच्या मालकांनी गुलाबांच्या लागवडीवरचं एक पुस्तक आणलं. गिऱ्हाईक थांबावं म्हणून ते त्यांच्याकडे बाकावर ठेवलेलं असायचं. वर्षानुवर्षं ओल्या बोटांनी उलटून त्यातले गुलाब पार उडून गेले होते.

वकील आले ते टाइप केलेलं उत्तर घेऊनच. सदर संदेश ही कायद्याच्या दृष्टीने नोटीस असून तीत केलेला आरोप पूर्णतः निराधार आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, काउंटर उघडायच्या आधीच, ते पुन्हा दारात उभे होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक. त्यावर टेबलाच्या पायाचा गोल खड्डा पडलेला.

"कोणताही आरोप मान्य न करता देतोय," ते खाली वाकून म्हणाले. "आणि आता माझं टेबल हलतंय, त्याचं काय करायचं?"

यंत्रवाल्यांनी याही प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न केला. काउंटरवर बसलं की माणसाला तशी सवय लागते.

घरी तरी शांतता असावी, तर तिथेही नव्हती. बायकोला संदेश आला होता. तिने घरातली पुस्तकं काढून, मोजून, आपल्याकडे काही नाही हे पायरीपायरीने सिद्ध केलं होतं. सासूबाई मात्र जेवायला बसल्या त्या तोंड फिरवून. त्यांनी इथे येताच हौसेने सदस्यत्व घेतलं होतं, पण त्यांचं नाव 'प' च्या बरंच पुढचं.

"सगळ्या इमारतीला आला," त्या म्हणाल्या. "मला साधी धमकीसुद्धा आली नाही. जावई ग्रंथालयात असून."

"अहो आई, तो चुकून गेला."

"चुकून गेला तो बाकीच्यांना. मला चुकूनही गेला नाही, एवढंच मी म्हणतेय."

आणि त्या एकट्या नव्हत्या. 'प' पुढच्या अक्षरांचे लोक काउंटरवर येऊन विचारू लागले, की आम्ही सदस्य नाही का. एक बाई तर म्हणाल्या, माझ्याकडे खरोखर पुस्तक आहे, पण मला कोणी विचारल्याशिवाय मी देणार नाही.

पुस्तकं मात्र येत राहिली. कपाटं भरली, मग टेबलं, मग जिन्याच्या पायऱ्या. कुठल्याच नोंदीत नसलेली, नोंदणी यंत्रावर येण्याच्याही आधी बाहेर गेलेली पुस्तकं. त्यातच एक दिवस एका म्हाताऱ्या सुताराच्या मुलीने वडिलांच्या पेटीतून निघालेला नकाशांचा एक संच आणला. हाताने काढलेले, नदीकाठ, घाट, चक्की, सगळं घरागणिक दाखवलेलं. इतिहासाच्या सरांनी तो काउंटरवरच उघडला. हे नकाशे होते हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं, आणि ते हरवले हेही. त्यांनी चष्मा काढून नकाशापासून दूर धरला, डोळे पुसले, आणि कितीतरी वेळ त्या रेघांवरून बोट न टेकवता फिरवत राहिले. मागे रांग खोळंबली होती. यंत्रवाल्यांनी कोणालाही पुढे सरकू दिलं नाही.

त्यानंतर साहेबांचा राग हळूहळू वळण घेत गेला. आधी ते म्हणाले, हा प्रकार गंभीर आहे. मग म्हणाले, प्रकार गंभीर असला तरी परिणाम विचारात घ्यावे लागतील. मुख्यालयाचं पत्र आल्यावर ते म्हणाले, आपण सुरुवातीपासून असंच ठरवलं होतं. मुख्यालयाने स्थानिक इतिहास समितीचं, अध्यक्षांचं आणि उपाध्यक्षांचं या अभिनव मोहिमेबद्दल अभिनंदन केलं होतं. सचिवांचा उल्लेख 'व इतर' मध्ये होता. उरलेल्या अक्षरांच्या सदस्यांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनाही संदेश पाठवावा, आणि त्या कामाच्या सोयीसाठी दुसरं खातं मंजूर करण्यात येत आहे.

म्हणजे यंत्रवाल्यांना जे हवं होतं ते अखेर मिळालं. त्यांचं खातं त्यांचं, बाईंचं बाईंचं. त्यांनी नवी विंडो उघडून बाण दाबला. काहीच आलं नाही. कोरी करकरीत, कुणाचाही हात न लागलेली हिस्टरी. ते तिच्याकडे जरा वेळ नुसतेच पाहत बसले.

संदेश पाठवायच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सर आले, साहेब आले, काउंटरवरची मंडळी दारात उभी राहिली. यंत्रवाल्यांनी कमांड बाणाने आणली नाही. एकेक अक्षर हाताने टाइप केलं. फाइलीतली नावं 'प' च्या पुढचीच आहेत ना, ते स्वतः दोनदा पाहिलं, सूचीबाईंना पाहायला लावलं.

"दाबा," सूचीबाई म्हणाल्या.

बोट कळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. या एका बोटाने गेले कित्येक दिवस काय काय दाखवलं होतं ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. ते खुर्चीवरून उठले.

"साहेब, हा मान तुमचा."

साहेबांनी नाही-नाही म्हटलं, मग बसले, मग पेनाच्या टोकाने एंटर दाबलं. ओळी धावू लागल्या. पाठवला. पाठवला. सरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटची ओळ आली, यंत्र शांत झालं. एकही चूक झाली नव्हती. यंत्रवाल्यांनी कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास सोडला.

साहेब मागे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "आता हे इतिहासात माझ्या नावावर जाणार का?"

"नाही साहेब. खातं माझं, विंडो माझी. यात जे होईल ते माझ्याच नावावर."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते पुन्हा पडद्याकडे वळले. "आणि तो तुमचा वरचा बाण म्हणजे कोणता? हाच ना?"

त्यांनी बाण दाबला, आणि काय होतं ते पाहायला एंटर.

पाठवला. पाठवला. पाठवला.

यंत्रवाल्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि काउंटरवर जाऊन बसले.